नावनिशी कोणाची, जागा कोणाला?

डिसेंबर उजाडला की मॉलच्या दारात लाल टोपीवाला सांताक्लॉज उभा राहतो, केकच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचे फलक चौकाचौकांत झळकतात. वसईच्या गावांत, वांद्र्याच्या गल्ल्यांत, पुण्याच्या कॅम्पात, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि जालना जिल्ह्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत मात्र आणखी एक गोष्ट मन लावून उभारली जाते. ती म्हणजे गव्हाणी. गवत, माती आणि पुठ्ठ्याचा लहानसा गोठा आणि त्यात निजवलेले एक बाळ. बाजाराने सांताला उचलले, गोठा तेवढा मागे ठेवला. सांताच्या नावावर माल खपतो. गोठ्याच्या नावावर काय खपणार?

आंबेडकरी दैनिकाच्या स्तंभात नाताळचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो रास्त आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस ईश्वराचा पुत्र, कुमारीच्या पोटचा जन्म, आकाशातले देवदूत या गोष्टी मानत नाही आणि मानण्याचे कारणही नाही. परंतु कथेतला चमत्कार मानणे वेगळे आणि त्या कथेत सामान्य माणसाचे काय झाले हे वाचणे वेगळे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त येशूला दुसरा बळीराजा ठरवले, ते धर्मांतर करण्यासाठी नव्हे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधून घेतल्याचे सांगितले, आणि त्याच वेळी ख्रिस्ती समाजातल्या जातिभेदावर बोटही ठेवले. आदर आणि चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे या दोघा महापुरुषांनी आपल्याला दाखवून दिले आहे. त्याच वाटेने या कथेकडे पाहू.

येशूच्या जन्माची हकिकत चारपैकी दोनच शुभवर्तमानांत येते, लूकच्या आणि मत्तयच्या. लूकची सुरुवात देवापासून होत नाही, सरकारी हुकुमापासून होते. रोमचा सम्राट कैसर औगुस्त याने फर्मान काढले की साऱ्या प्रजेची नावनिशी लिहिली जावी. ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे. म्हणून नासरेथचा सुतार योसेफ दिवस भरलेल्या मरीयेला घेऊन बेथलेहेमला निघाला. तेथे उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. बाळ जन्मले आणि जनावरांना चारा घालायच्या गव्हाणीत ठेवावे लागले. बातमी पहिल्यांदा पोचली ती रानात रात्रीची राखण करणाऱ्या मेंढपाळांना. यरुशलेमच्या मंदिरातल्या याजकांना ती पोचली नाही, राजवाड्यालाही नाही. मत्तयच्या कथेत राजवाड्याला बातमी लागते तेव्हा काय होते? हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुले कापून काढतो आणि हे कुटुंब रातोरात इजिप्तला पळून निर्वासित होते.

यातले ऐतिहासिक किती, यावर विद्वानांत वाद आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. हेरोद इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास मेला असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि लूक ज्या क्विरीनिय सुभेदाराचे नाव घेतो त्याची शिरगणती इसवी सन ६ मधली. दोन्हींचा मेळ बसत नाही. २५ डिसेंबर ही तारीख कोणत्याच शुभवर्तमानात नाही. ती रोममध्ये चौथ्या शतकात नोंदलेली सापडते. गव्हाणीशेजारी हमखास दिसणारे बैल आणि गाढवही मूळ कथेत नाहीत, ते मागाहून आले. परंतु इसवी सन ६ ची ती शिरगणती मात्र खरी आहे. ती करवसुलीसाठी होती, आणि तिच्याविरुद्ध गालीलातल्या यहूदा नावाच्या माणसाने बंड उभारले होते. म्हणजे लूकने कथेच्या तोंडाशी शिरगणती ठेवली तेव्हा त्याच्या वाचकांना ती कशासाठी असते हे पक्के ठाऊक होते. राज्याला माणूस मोजायचा असतो तो कर घेण्यासाठी. मोजलेल्या माणसाला रात्री निजायला जागा आहे की नाही, हे राज्य विचारत नाही.

नाताळच्या कथेचा सामान्य माणसासाठी अर्थ मला येथे दिसतो. राज्याच्या वहीत नाव लिहिले जाणे आणि राज्यात जागा मिळणे या दोन गोष्टी एक नाहीत. हा आपल्या आजच्या राजकारणातला अगदी ताजा प्रश्न आहे.

चर्चने या कथेचे काय केले तेही पाहावे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या फ्रान्सिसने गव्हाणी आणि खरी जनावरे मांडून हा जन्म लोकांपुढे उभा केला. फ्रान्सिस कापड व्यापाऱ्याचा मुलगा, घरची श्रीमंती सोडून भिक्षेवर राहणारा. दरिद्री बाळ दरिद्री लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्याचा हेतू. त्यानंतर आठशे वर्षांत गव्हाणीला सोनेरी मुलामा चढला आणि ती सजावट झाली. पण डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द बेथलेहेमातल्या ल्यूथरन चर्चने गाझातल्या संहाराच्या निषेधार्थ गवताऐवजी पडक्या इमारतीचा राडारोडा रचला आणि त्यात बाळाची मूर्ती ठेवली. त्या वर्षी बेथलेहेमने रोषणाईचा जाहीर उत्सव केला नाही. त्या एका मांडणीने गव्हाणीवरचा सारा मुलामा खरवडून काढला.

आता आपल्याकडे या. नाताळचा महिना म्हणजे महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या गाळपाचा ऐन हंगाम. बीड आणि मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, फडाच्या कडेला पाचटाची कोपी. यात दलित आहेत, भटके आहेत, वंजारी आहेत, आदिवासी आहेत. दिवस भरत आलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते, कारण खाडा पडला तर दंड. बाळंतपण कोपीतच होते आणि काही दिवसांत ती पुन्हा फडात उतरते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ साली उघड झाले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि हजारो बायांची शस्त्रक्रिया झाल्याचे पाहणीतून पुढे आले. बेथलेहेमची गोष्ट ऐकून डोळे ओलावणाऱ्यांनी या कोपीकडे पाहावे. गव्हाणी येथे दरवर्षी मांडली जाते. तिला रोषणाई नसते, एवढेच.

आणि शिरगणतीचे म्हणाल तर तीही होऊ घातली आहे. २०२१ ची जनगणना लांबत लांबत गेली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच अशी नोंद देशभर होणार. ज्या दिवसांत डोकी मोजली जातील त्या दिवसांत ऊसतोड मजूर गावात नसेल, कोपीत असेल. योसेफाला निदान मूळ गावी जायला सांगितले होते. आपला मजूर ना गावच्या यादीत सापडतो, ना कारखान्याच्या हजेरीपटावर, कारण कारखान्याच्या लेखी तो मुकादमाचा माणूस. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी त्या काळात कोपीकोपीवर जाऊन नोंद झाली की नाही ते पाहिले पाहिजे. मोर्च्याइतकेच हे काम महत्त्वाचे आहे.

या मोजणीत दुसरा एक माणूस अडकतो, आणि त्याच्याबद्दल आपल्या चळवळीत मोकळेपणाने बोलले जात नाही. तो म्हणजे दलित ख्रिस्ती.

कायदा काय आहे तो आधी नीट समजून घेऊ. संविधानाच्या कलम ३४१ खाली राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही असे ठरवले. सुरुवातीला शिखांतल्या चार जातींपुरता अपवाद होता. १९५६ साली संसदेने दुरुस्ती करून शीख घेतले, १९९० साली बौद्ध घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. कारण असे दिले जाते की त्या धर्मांत अस्पृश्यता नाही. पण धम्मातही अस्पृश्यता नाही, शिखांतही नाही. अस्पृश्यता गावात आहे, आणि गाव माणसाचा धर्म विचारून त्याला वेशीबाहेर ठेवत नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या 'सूसाई विरुद्ध भारत सरकार' या निकालात दिसते. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा हा माणूस जन्माने आदिद्रविड, धर्माने ख्रिस्ती. रस्त्यावर बसणाऱ्या अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या देण्याची सरकारी योजना १९८२ साली निघाली. त्याच पदपथावर बसणाऱ्या इतरांना टपरी मिळाली, याला मिळाली नाही, कारण हा ख्रिस्ती. न्यायालयाने म्हटले की ख्रिस्ती झाल्यावरही जातीमुळे येणारे अडथळे तितक्याच तीव्रतेने टिकून आहेत हे पुराव्याने दाखवले पाहिजे, आणि तसा पुरावा समोर नाही. याचिका फेटाळली गेली. तेच ऊन, तोच पाऊस, तीच आरी, तेच चामडे. उतारशाळेत जागा नाही म्हणून परत फिरवलेल्या माणसाचे याहून नेमके उदाहरण मला कायद्याच्या पुस्तकांत दुसरे सापडलेले नाही.

दुसरी गंमत पाहा. के. पी. मनू प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्याचे आजोबा ख्रिस्ती झाले असा माणूस हिंदू धर्मात परत आला आणि जातीने त्याला स्वीकारले, तर त्याला अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळू शकतो. म्हणजे दोन पिढ्या जी जात संपली असे कायदा म्हणत होता, ती घरवापसी करताच जशीच्या तशी हजर! मग मधल्या काळात ती कोठे होती? ती जेथे असते तेथेच होती, शेजाऱ्याच्या डोक्यात. कायद्याने माणसापुढे दोन दारे ठेवली आहेत. देवळाच्या दाराने या, दाखला घ्या. चर्चच्या दाराने जा, दाखला ठेवून जा. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या कलम २५ च्या शेजारी हे कसे बसते, हा प्रश्न २००४ च्या १८० क्रमांकाच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि तो मांडणारी एक पिढी म्हातारी झाली. २६ नोव्हेंबर २०२४ च्या सेल्वरानी निकालात न्यायालयाने असे म्हटले की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे सांगणे ही संविधानाशी प्रतारणा आहे. परंतु माणसाला श्रद्धा आणि भाकरी यांतले एकच निवडायला लावणारा तिसरा परिच्छेद तसाच शिल्लक राहिला.

सरकारी अहवालांची कमतरता नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने मे २००७ मध्ये हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. डिसेंबर २००९ मध्ये तो अहवाल संसदेपुढे ठेवला गेला आणि तेथेच थांबला. २०२२ साली केंद्र सरकारने न्यायालयात तो अहवाल सदोष असल्याचे सांगितले आणि माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. दोन वर्षांची मुदत पुढे वाढवली गेली. ज्याला देणे जिवावर येते तो मोजमाप करत बसतो.

आता आपल्या घरातला प्रश्न. आपल्यातले अनेकजण खासगीत म्हणतात की हे लोक आत आले तर आपल्या वाट्याचे काय? ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. नोकऱ्या आटल्या आहेत, कंत्राटीकरणाने आरक्षण पोकळ केले आहे, आणि भुकेल्याला ताटातला घास मोजावाच लागतो. पण तिची तीन उत्तरे आहेत. एक, मिश्र आयोगापासून आजवर कोणीही आपल्या वाट्यातून काढून द्या असे म्हटल्याशिवाय प्रश्न सुटतच नाही असे नाही. केंद्रातले पंधरा टक्के लोकसंख्येच्या प्रमाणावर बेतलेले आहेत. लोकसंख्या वाढली तर टक्का वाढवा, ही मागणी दोघांनी मिळून करता येते. दुसरे, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चे संरक्षण. त्यात जागा मोजायच्या नसतात. एका पीडिताला संरक्षण मिळाले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या फिर्यादीला या कायद्याचा आधार घेता येणार नाही असे ठरवले. मारणारा जात बघून मारतो आणि न्यायालय धर्म बघून दार लावते. ओडिशातल्या कंधमाळमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर २००७ ला हिंसाचार सुरू झाला आणि ऑगस्ट २००८ मध्ये तो भडकला. माणसे मारली गेली, हजारो कुटुंबे रानात पळाली. त्यांतले असंख्य लोक पाणो जातीचे, म्हणजे आपलेच भाऊबंद होते.

तिसरे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १९५६ च्या दीक्षेनंतर आपल्या बापजाद्यांनाही हेच ऐकावे लागले की तुम्ही आता बौद्ध झालात, तुमची जात गेली, सवलती गेल्या. चौतीस वर्षे केंद्राच्या दारात आपण उभे होतो. त्या काळात कित्येकांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि कागदावर 'हिंदू महार' लिहिले. आजही जात पडताळणीच्या फायलींत वडिलांच्या आणि मुलाच्या दाखल्यांवर वेगवेगळे धर्म सापडतात, ते याच लाचारीचे फळ. धर्म सांगावा तर हक्क जातो आणि हक्क सांगावा तर धर्म लपवावा लागतो, हे दुखणे ज्यांनी सोसले त्यांनी तेच दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नये. १९९० साली आत आलेल्यांनी आतून कडी लावायची काय?

चर्चलाही येथे सोडून चालणार नाही. दलित ख्रिस्ती हा बाहेर सरकारने आणि आत चर्चने, असा दोन्हीकडून नाडलेला आहे. दक्षिणेत वेगळी दफनभूमी, वेगळे बाक हे प्रकार शतकानुशतके चालले. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना मिशनऱ्यांना हाच जाब विचारला होता की माणूस ख्रिस्ती झाला, पण त्याच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही काय लढलात? भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद असल्याचे मान्य केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ साली पहिले दलित कार्डिनल झाले. या चांगल्या गोष्टी आहेत, पण फार उशिराच्या आहेत. आपल्या नामांकित इंग्रजी शाळांचे दार दलित ख्रिस्त्याच्या आणि ऊसतोड मजुराच्या मुलाला किती उघडे आहे, याचा हिशेब चर्चने द्यावा. गव्हाणीपुढे गुडघे टेकणाऱ्याला तो हिशेब टाळता येणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानात बाळ जन्मण्याआधी मरीयेच्या तोंडी एक स्तवन आहे. सिंहासनावरचे खाली येतील, दबलेले वर येतील, उपाशी तृप्त होतील, असा त्याचा आशय. ही गावातल्या एका गरीब पोरीची भाषा आहे. आपण तिच्यातला देव बाजूला ठेवला तरी मागणी शिल्लक राहते, आणि ती मागणी संविधानाच्या उद्देशिकेतल्या सामाजिक न्यायापेक्षा वेगळी नाही. फरक एवढाच की ते काम कोणी आकाशातून उतरून करील याची वाट आपण पाहत नाही.

म्हणून या नाताळला शुभेच्छांच्या पलीकडे जाऊन तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, आपापल्या तालुक्यातल्या दलित ख्रिस्ती संघटनांशी बसून बोलावे आणि तिसरा परिच्छेद रद्द करण्याचा व वाढीव टक्क्याचा ठराव एकत्र करावा. यादीत बदल करण्याचा अधिकार कलम ३४१ ने संसदेला दिला आहे, तेव्हा तो ठराव खासदाराच्या हातात द्यावा. दुसरे, जनगणनेत बौद्धाने बौद्ध आणि आपली जात, ख्रिस्त्याने ख्रिस्ती आणि आपली जात, जे खरे आहे ते लिहावे आणि प्रगणकाने ते लिहिले की नाही ते तपासावे. पुरावा नाही म्हणून १९८५ साली त्या चपला शिवणाऱ्याला परत पाठवले, तो पुरावा आपल्या हातांनी तयार करण्याची ही संधी आहे. तिसरे, मोजणीच्या दिवसांत कोपीवर, वीटभट्टीवर, पुलाखाली राहणाऱ्यांपर्यंत पोचावे.

कैसराच्या वहीत योसेफाचे नाव लिहिले गेले असेल. त्या वहीने त्याला निवारा दिला नाही. आपली वही कैसराची नाही, ती बाबासाहेबांनी लिहिलेल्या संविधानाखाली उघडली जाते. तीत ज्याचे नाव लिहिले जाईल त्याला जागाही मिळाली पाहिजे, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

जय भीम!